इमानातून दिसलेला घाट

आप्पा, मी इमानात बसून आंबोलीला जाऊन आले. तुला सांगायला उशीर झाला, पण तुला सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, म्हणून लिहायला बसले. इमान म्हणजे हवेत उडणारी गाडी. तू गेलास तेव्हा निपाणीत साधी मोटारसुद्धा आली नव्हती, त्यामुळं तुला हे खोटं वाटणार. वाटू दे. लढाई लागायच्या आधीचं हे. आता पेट्रोल मिळत नाही, ते इमान वखारीमागच्या पत्र्याच्या शेडात ताडपत्री पांघरून पडलंय आणि त्याच्या पंखाखाली कोंबड्या अंडी घालतात. मी दुसरीत असताना तू गेलास आणि माझी शाळा तिथंच राहिली. पुढं तंबाखूच्या वखारीत मुकादमीण झाल्यावर बायकांची नावं लिहायची वेळ आली, तेव्हा परत अक्षरं गिरवली. ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस. तुला तरी कुठं वाचायला येत होतं.

तुझी गाडी आठवते. निपाणीतनं तंबाखूची बोदं, गोणपाटात आवळलेले गठ्ठे, भरायची, आजऱ्यावरनं आंबोली, मग घाट उतरून वेंगुर्ला, आणि येताना मीठ, नारळ, सोलं. घरात शिरलास की तुझ्या अंगाला तंबाखूचा आणि समुद्राचा असा दोन्ही वास यायचा. एकदा माझ्यासाठी शिंपल्यांची माळ आणलीस. मी ती घालून गोठ्यात नाचत होते, बैलानं पायावर खूर ठेवला आणि मी बोंब ठोकली. तू आधी बैलाला मागं घेतलंस, मग माझा पाय बघितलास आणि म्हणालास, "गप. मोडला न्हाई. रडून पाय बरा हुतोय व्हय?" मी गप्प झाले ती जवळजवळ कायमचीच. लोक म्हणतात ही बाई दगडाची आहे, हिला रडू येत नाही. त्यांना काय माहीत ते कुणी शिकवलं.

म्हणून तर ती बातमी मला झेपली नाही. तुझ्याबरोबर गाडी हाकणारा तुझा सोबती दारात उभा राहिला, खांद्यावर तुझं घोंगडं, हातात एका लंगड्या बैलाचा कासरा. आई चुलीपुढं होती. तो हातानं वळण काढून दाखवत म्हणाला, धुक्यात गाडी वळणावरनं खाली गेली, मी लई म्होरं हुतो, मला मागाहून कळलं, अग्नी तिथंच दिला. आईनं विचारलं, "काय बोललं का?" तो माणूस जमिनीकडं बघून म्हणाला, "घाटातली लोकं सांगत्यात, बापाला हाका मारत हुता. शेवटपतोर." तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली तरी आई उठली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "मरताना बी बापच आठवला." कोपऱ्यात बसलेला आजा मात्र हुंदके देऊन रडला, आणि पुढं जगला तोवर येईल त्याला सांगत सुटला, की पोरानं शेवटी मलाच हाक मारली. त्याला तो आधार झाला. आईला ती जखम झाली. आणि मला काय झालं सांगू? मला तू दिसायला लागलास, दरीत पडलेला, लहान पोरासारखा बापाला हाका मारणारा, घाबरलेला. वर रस्त्यावर लोक उभे आहेत, हाका ऐकताहेत आणि खाली कुणी उतरत नाही. हे मी रोज बघितलं. लग्न झालं, नवरा गेला, वखारीत लागले, केस पांढरे झाले, तरी चित्र तेच. आजऱ्याला भाचीचं लग्न होतं तर गेले नाही, कारण तो रस्ता त्या घाटाचा. लोकांना सांगितलं, मला गाडी लागते.

आता इमानाचं ऐक. आमच्या वखारीचे धाकटे मालक मुंबईला जाऊन इमान चालवायला शिकले आणि एक घेऊनच आले. थोरल्या मालकांनी तीन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या वर्षी वैशाखात वखारीत उभं राहवत नव्हतं, तंबाखूची धूळ नाकातोंडात, वैनींना खोकला लागलेला. वैनी म्हणजे धाकट्या मालकांची बायको, चिकोडीकडची, कानडी घरातली, हाडाची काडी. मालकांनी ठरवलं, आठ दिवस आंबोलीला थंड हवेत जाऊ, आणि मोटारीनं नाही, इमानानं. थोरल्या बाईंनी अट घातली की सुनेबरोबर एक पोक्त बाई पाहिजे. आता त्या इमानात जागा तीन. मालक पुढं, मागं दोन माणसं कशीबशी, आणि वजनाला हलकी पाहिजेत. घरातली मोलकरीण दोन माणसांची जागा घेणारी. म्हणून मालक वखारीत आले आणि मला म्हणाले, "आक्का, जरा काट्यावर हुबी ऱ्हा बघू."

ज्या काट्यावर तंबाखूची बोदं चढतात त्यावर मी उभी. चाळीस बायका हातातली पानं टाकून बघायला लागल्या. एक म्हणाली, "मालक, बोद धरून वजन करा, नुसतं पान लई हलकं हाय." दुसरी म्हणाली, "काळं पान हाय वो, पडत्या भावात जाईल." मी म्हटलं, "गप बसा गं, खाली उतरले की एकेकीचा हिशेब करते." मालकांनी काटा बघितला आणि खूश झाले. कुठं जायचं ते त्यांनी तेव्हा सांगितलं. आंबोली म्हटल्यावर मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण मग वाटलं, इमानाला रस्ता कुठं असतो? आंबोली घाटमाथ्यावर, घाट त्याच्या पलीकडं. घाट न बघता जायचं आणि घाट न बघता यायचं. हो म्हणून टाकलं. आई म्हणाली, "जातीस तर जा. पर त्या वळणाकडं जाऊ नगंस." तिलाही तेच चित्र दिसत असणार, पण आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

गावाबाहेरच्या माळावर सकाळी उभं होतं ते. मी समजत होते लोखंडाचं असेल. हात लावून बघितलं तर कापड, मांडवाला लावतात तसलं, वर रंग फासलेला. म्हटलं, मालक, पाऊस आला तर भिजल की वो. ते हसले. आम्हाला आत कोंबलं, गुडघे हनुवटीला, पेट्रोलचा वास असा की डोळ्यांत पाणी. मालकांनी पुढचा पंखा हातानं फिरवला, तो घरघरला, ते पळत येऊन बसले. माळावरनं ते असं धावलं की दात वाजले, आणि मग एकदम वाजायचे थांबले. धावायचं थांबलं म्हणून मी खाली बघितलं, तर जमीन खाली निघून गेली होती.

मालक ओरडले, "आक्का, डोळं उघड!"

"उघडंच हाईत! तुमी म्होरं बघा!" मी ओरडले, पण त्या घरघरीत ते पुढं पोचलंच नसणार.

वैनी माझा दंड धरून हसत होती की रडत होती ते आवाजात कळेना. वखारींचे पत्रे उन्हात चमकले आणि मागं गेले. वेदगंगा एवढीशी, कुणीतरी धुणं पिळून टाकल्यासारखी. रानं सगळी मोकळी, तांबडी. आमची सावली कुत्र्यासारखी खालून आमच्याबरोबर पळत होती, बांधावरनं उड्या मारत. जिथं तुझी गाडी रात्रंदिवस चालायची ते सगळं मी एका बैठकीत मागं टाकलं. भाकरी बांधून घेतली होती, ती सोडायचीसुद्धा वेळ आली नाही. मग रान काळंहिरवं झालं, हवा गार झाली, आणि आंबोलीची घरं दिसली. उतरायचं होतं गावाबाहेरच्या सड्यावर. सडा म्हणजे नुसता सपाट कातळ. एका माणसाला मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यानं वारा कळावा म्हणून ओलं गवत पेटवून धूर केला होता. पण सड्यावर गुरं. तो माणूस काठी घेऊन गुरांमागं पळतोय, गुरं गोल फिरून परत तिथंच. मालक मागं वळून ओरडले, "एक फेरी मारूया!" आणि इमान एका अंगावर कललं आणि सरळ डोंगराच्या कडेवरनं पलीकडं गेलं.

तिथं घाट होता, आप्पा. मी न बघायचा ठरवलेला. खाली जमीनच संपली आणि खोल हिरवं उघडलं. मधून रस्ता सुटलेल्या नाडीसारखा खाली गेलेला, आणि त्यात एक वळण, असं उलटं फिरलेलं, की सोबत्यानं हातवारे करून दाखवलेलं ते हेच, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी बघितलं. बघण्यावाचून इलाज नव्हता, इमान त्याच बाजूला कललेलं होतं. आणि वळणाच्या खाली काय होतं? मी एवढी वर्षं तळ नसलेली दरी बघत होते. तिथं वाडी होती. सात-आठ गवती घरं, पोफळी, एका घरातनं धूर, अंगणात वाळत घातलेलं लाल लुगडं. रस्त्यावरनं झाडीमुळं कुणाला दिसत नसेल, पण वरनं स्पष्ट. वळणावरनं एखादा धोंडा सुटला तर त्यांच्या परसात पडेल एवढं जवळ. माझ्या डोक्यात तेव्हा एकच आलं. ही माणसं तिथं होती, तर तुझ्यापर्यंत कुणी ना कुणी आलं असणार. आलं होतं का? हे कळल्याशिवाय मला निपाणीला परत जायचं नव्हतं.

गुरं हटली, आम्ही उतरलो, कातळावर इमान असं आपटलं की वैनीच्या हातातला डबा पुढं मालकांच्या मानेवर. मालकांनी राहायला घेतलेला बंगला बरा होता. पहिले दोन दिवस मी चूल सांभाळली आणि भांड्यांवर राग काढला. तिसऱ्या दिवशी वैनी म्हणाली, "आक्का, तू हवा खायला आलीयास का भांडी फोडायला? काय झालंय सांग की." मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं, दोन वाक्यांत, कांदा चिरता चिरता. ती वहाणा घालून उभीच राहिली. "चल. मी पण येते." मी म्हटलं, घाट उतरायचाय, तुमचा खोकला. "खोकला निपाणीत ऱ्हायला," म्हणाली. मालक इमानाचा पंखा पुसत बसले होते, त्यांना सांगून निघालो.

वळणावर मी थांबले नाही. थांबले असते तर तिथनंच मागं फिरले असते. कडेनं पायवाट होती, धरून धरून उतरलो. लाल लुगड्याच्या घराच्या अंगणात एक म्हातारी सोलं वाळवत बसली होती. तोंडात दात नाही, पण नजर टक्क. "खंयसून इलास गो?" तिनं विचारलं. निपाणी म्हटल्यावर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "निपाणीचो एक गाडीवान पडलो होतो हयसर. लई वर्सां झाली." मला सरळ विचारता येईना. वैनीनंच सांगितलं, ही त्याची मुलगी.

म्हातारीनं सोलं बाजूला सारली आणि आम्हाला बसायला जागा केली. "मी तेव्हा नवी होकल होतंय," ती म्हणाली. लग्न होऊन आलेलीच. धुक्यात मोठा आवाज झाला म्हणून तिचा नवरा पळाला, मागोमाग ती. गाडी मोडून पडलेली, एक बैल मेलेला, तू झाडाच्या बुंध्याला, पाय मोडलेला, छाती फुटलेली. दोघांनी तुला उचलून याच अंगणात आणलं. तिनं तुला पेजेचं पाणी पाजलं आणि तू प्यालास. म्हणजे कुणी आलं होतं. हे ऐकूनच माझ्या छातीतला एक दगड निघाला होता. पण दुसरा होता अजून. मी विचारलं, "बापाला हाका मारत हुता म्हणं."

"व्हय गो. आमकां तसांच वाटलां, बापाशीक साद घालता," म्हातारी म्हणाली. "सारख्या आपला तां एकच." आणि तिनं मान झाडीकडं वळवून, ओठ पुढं काढून, तुझ्यासारखी हाक मारून दाखवली. "बा... बा, बा... बा."

आप्पा, वैनी उठली. जोत्याच्या त्या टोकाला बसली होती, ती उठून पदर सावरत म्हातारीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय पायजे, आज्जी? बोलावलं न्हवं मला?"

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. वैनी माझ्याकडं बघत राहिली. कानडी घरातली पोर ती, कानडीत 'बा' म्हणजे 'ये', जन्मापासून तेवढंच तिला ठाऊक. मी कपाळावर हात मारून घेतला. निपाणीत जन्म काढलेली बाई मी, कानडी मलाही येतं, रोज येतं, पण माझ्यापर्यंत तुझी हाक आलीच नव्हती. तिचा अर्थ आला होता, तोही घाटातल्या लोकांनी लावलेला. तुझी बैलजोडी चिकोडीच्या बाजारातली. त्यांना मराठी कळंना म्हणून तूच त्यांच्याशी कानडी बोलायला लागलास, आणि आई चिडवायची, की घरात बायकूसंगं बोलत न्हाईत आन् बैलांसंगं दोन भाषा. पहाटे गाडी जुंपताना तू असाच उभा राहायचास, ओठ पुढं काढून, बा, बा, आणि ती दोघं मान हलवत जुवाखाली यायची. तू बापाला हाक मारत नव्हतास. तू बैलाला बोलावत होतास.

मी म्हातारीला विचारलं, "दुसरा बैल?"

"तो रानात भियान पळालेलो," म्हातारी म्हणाली. "ह्यो साद घालीत रवलो. मगे दिस वर इलो तसो बैल इलो, लंगडत. हयंच, तेच्या उशाक येवन उभो रवलो. ह्येणां हात वर केल्यान, तेच्या तोंडार ठेयल्यान. मगे गप झालो."

मी हसायला लागले. म्हातारीला वाटलं ही बाई वेडी झाली. वैनीलाही वाटलं असेल. मग हसता हसता डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, आणि तुझ्या नियमाप्रमाणं मी ते थांबवायला गेले, तर थांबेना. बसले तशीच, सोलांच्या वासात. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. घाबरला नव्हतास तू. पाय मोडलेला, छाती फुटलेली, आणि तू कामावर होतास. हरवलेलं जनावर गोळा करत होतास, आणि ते आलं. आल्यावर गप्प झालास. असं जाणं वाईट नाही, आप्पा. मी कित्येकांना अंथरुणात याहून वाईट जाताना बघितलंय. म्हातारीनं आम्हाला सोलकढी पाजली. वर चढताना वळणावर मी मुद्दाम थांबले, कठड्यावर बसले, पान खाल्लं. उरलेले दिवस मी असं जेवले आणि अशी झोपले, की परतीच्या वेळी मालक म्हणाले, "आक्का, आता काट्यावर घ्याय लागतंय तुला परत."

घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी सगळं सांगितलं, वळण, वाडी, पेजेचं पाणी, हाक. तिनं परातीतला हात थांबवला नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "बैलाला?" मी म्हटलं, "बैलाला." ती म्हणाली, "मग बरोबर हाय. आदी बैलं, मग आमी. तसाच हुता त्यो." आणि पिठाच्या हातानं तोंड दाबून अशी हसली, की मला वाटलं ठसका लागून जाते आता. तुझ्यावरचा तिचा राग एवढ्या वर्षांचा, तो असा निघाला. थोड्या वेळानं तवा उतरवून म्हणाली, "त्या लंगड्याला इकाय नको हुता मी." नंतर जगली तोवर ती तुझ्याबद्दल बोलायला लागली होती, सहज, जेवताना, तू बाजारातनं अजून यायचा असल्यासारखी. आजा तर आधीच गेलेला. तो असता तर त्याला मी हे सांगितलं नसतं. त्याची समजूत त्याच्याजवळ राहू दे.

तर असं झालं. आजऱ्याला आता वर्षातनं दोनदा जाते. हे पत्र घालायला पेटी नाही ते मला कळतं, पण लिहून मोकळी झाले. एक मात्र राहिलं. वखारीतल्या बायका अजून विचारतात, आक्का, इमान जमिनीवरनं सुटलं तवा तुला कसं वाटलं गं? मी सांगते, काय न्हाई, देवाचं नाव घेतलं आन् गप बसले. ते खरं नाही. जमीन खाली गेली तेव्हा मी दोन्ही हातांनी पुढची फळी धरून "आप्पा!" म्हणून ओरडले, एकदा नाही, पार वेदगंगेपर्यंत. यंत्राच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही.